उभ्याने सांगायची गोष्ट

माझ्या डाव्या अंगाने राजीनामा दिला तेव्हा मी अंगणातल्या नळाशी दात घासत होतो. चूळ भरली, लांब फेकायला गेलो, तर पाणी समोर न जाता ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून थेट सदऱ्यावर उतरलं. मला हसू आलं. पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. खाली पाहिलं तर डाव्या पायातली चप्पल मागे राहिलेली आणि पाय तिला सोडून पुढे आलेला, मला न विचारता.

बायकोला हाक मारली. ती दारात आली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सकाळी सकाळी कुणाची नक्कल?"

यात तिचा काही दोष नाही. लग्न झाल्यापासून ती माझ्या नकला बघत आली आहे. तलाठी पान खाऊन कसा बोलतो, माझी थोरली मेहुणी रुसली की ओठ कसा काढते, एसटीचा कंडक्टर अर्धवट झोपेत सुटे पैसे कसे मोजतो. वाकडं तोंड हा तर माझा हुकमी एक्का. "नक्कल नाही गं," असं मी सांगायला गेलो, पण तोंडातून निघाला नुसता लगदा. ती खळखळून हसली. मी पुन्हा प्रयत्न केला, ती पुन्हा हसली. लोकांच्या ज्या हसण्यासाठी मी उभा जन्म जीव टाकला, ते हसू समोर होतं आणि त्या घटकेला मला ते नको होतं. मग माझ्या हातातला तांब्या सुटून फरशीवर आपटला, लोळत गेला, आणि मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. तिचं हसणं तोंडावरच थांबलं.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. डावा हात, डावा पाय आणि तोंडाची डावी बाजू गेली होती. जीभ मात्र आठवडाभरात सुटली. देवाची माझ्यावर कृपा; घरच्यांवरही असावी, पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. बोलता येऊ लागल्याबरोबर मी डॉक्टरांना विचारलं, "मी उभा राहीन का? दोन तास?"

"दोन तास कशाला?" ते म्हणाले. "कुठं रांगेत उभं राहायचंय?"

त्यांना सांगावं लागलं, तसं इथेही सांगायला हवं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे, ते पोटासाठी. खरा मी कीर्तनकार. आम्ही ख्रिस्ती, नेवासा तालुक्यातले. आमच्याकडे कीर्तन असतं हे ऐकून बाहेरगावची माणसं जरा चमकतात. पण आमच्या पणज्यांनी धर्म बदलला, कान बदलले नाहीत. डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, मागे पेटी आणि तबला, आणि पुढे उभा राहून बोलणारा, गाणारा, रडवणारा, मधूनच टोपी उडवणारा एक माणूस. नाताळाच्या आधीपासून थंडी संपेपर्यंत मी गावोगावच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, फिरायचो. चिपळ्या डाव्या हातात, कारण उजवा हात अभिनयाला मोकळा हवा. आणि या सगळ्यात एक नियम असा की कीर्तनकार बसत नाही. ज्या बुवांकडे मी शिकलो ते म्हणायचे, बसून सांगतोस त्या गप्पा. उभं राहून सांग, मग बघू. त्यांना शेवटच्या वर्षांत दम लागायचा, तरी ते खांबाला पाठ लावून उभे राहिले, पण बसले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "आधी दोन मिनिटं बघू."

फिजिओथेरपीची मॅडम नेवाशात होती. तिचा दवाखाना खतांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. जिने चढता येत नाहीत म्हणून ज्यांनी जायचं, त्यांनी आधी जिना चढायचा. पहिल्या दिवशी मला दोघांनी खुर्चीसकट वर नेलं. खालून युरियाचा वास, वरून मी, एखाद्या उत्सवमूर्तीसारखा. मला पुढे बघून हात करायचा मोह झाला आणि केलाही, उजवा.

मॅडम तरुण होती, माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या मुलींएवढी. मला "सर" म्हणायची आणि लहान मुलासारखं वागवायची. तिच्या खोलीत एक उंच पलंग, भिंतीला मोठा आरसा, आणि दोन लोखंडी दांड्या, मधून चालायला. मी वाटेत तीन-चार विनोद तयार करून नेले होते. तिने पहिल्याच विनोदाच्या मध्यावर माझी टाच धरून म्हटलं, "ही खाली टेकवा." टाच टेकेना. पाय माझाच, पण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी हुकमात होता. मी विनोद पूर्ण केला नाही.

व्यायाम म्हणजे काय असेल, असं मला वाटत होतं? तरुणपणी आम्ही जोर-बैठका मारलेली माणसं. इथे व्यायाम म्हणजे पाठीवर पडायचं, गुडघे उभे करायचे आणि ढुंगण पलंगावरून थोडं वर उचलायचं. बस. घाम फुटायचा. टेबलावर टॉवेल ठेवून त्यावर डावा हात आणि त्याच्यावर उजवा, आणि दोन्ही पुढे सरकवायचे, म्हणजे म्हशीला गोठ्यात लोटावं तसा एका हाताने दुसऱ्याला लोटायचा. खुर्चीतून उठणं हा तर मोठा शास्त्रीय विषय निघाला. पाय गुडघ्यांच्या मागे, कंबर पुढच्या कडेला, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्यायचं, मग उठायचं. "नाक पुढं, सर. नाक पुढं गेल्याशिवाय बूड वर येत नाही." पन्नाशी उलटेपर्यंत मी रोज उठलो-बसलो, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एक गोष्ट तिने बायकोला पुन्हा पुन्हा बजावली. "डावा खांदा सैल झालाय. तो हात धरून कुणी उठवायचं नाही, ओढायचं नाही. कुणीच."

मला तिथे न्यायला-आणायला शेजारच्या वस्तीवरचा शेतकरी होता. तो रोज सकाळी पिकअपमधून नेवाशाला दूध घालायचा. मला पुढे बसवायचा, मागे कॅन खडखडायचे. वाटेत तो म्हणायचा, "गुरुजी, आज काय उचललं?"

"बूड."

"आन् कालच्याला?"

"कालही तेच."

"मंजी बुडातच गुंतलाय व्हय अजून," म्हणून तो गिअर टाकायचा.

पण हलत होतं. सांगायला लाज वाटेल इतकं थोडं, तरी हलत होतं. टाच टेकू लागली. दांड्यांमधून मी या टोकाकडून त्या टोकाला गेलो, आरशात एक वाकडा माणूस माझ्याकडे येताना दिसला, त्याला मी नमस्कार केला. मॅडम तेव्हा पहिल्यांदा हसली. डाव्या हाताची मधली दोन बोटं स्वतःहून वळायला लागली. तिने माझ्या तळहातात एक मऊ चेंडू ठेवला आणि म्हणाली, "दाबा." मी दाबला की नाही ते मला कळलं नाही, पण तिला कळलं. "येतंय," ती म्हणाली. "आता खंड पाडू नका. हे दिवस परत येत नाहीत."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. मी काही बहिरा झालो नव्हतो.

आमच्या मंडळीने माझ्यासाठी जेवढी प्रार्थना केली तेवढी पावसासाठीही केली नसेल. रोज संध्याकाळी घर भरायचं. गीतं, प्रार्थना, चहा, मग माझ्या पलंगाभोवती मोसंब्यांच्या पिशव्यांचा ढीग. यात पुढाकार मंडळीचा कारभार बघणाऱ्या आमच्या एका पंचांचा. वयाने माझ्याहून थोरले, शेती सांभाळणारे, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर गावात गुरं मान वर करतील. माझ्या प्रत्येक कीर्तनाला पहिल्या ओळीत बसायचे आणि मी ज्या ठिकाणी रडवतो त्याच्या थोडं आधीच रडायला लागायचे. असा श्रोता कीर्तनकाराला जन्मात एकदा मिळतो. त्या माणसाने माझ्यासाठी उपास केले. हे मी आधी सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणी त्यांच्यावर चिडेल.

पावसाळ्याच्या शेवटाला एका रविवारी बायकोने मला उपासनेला नेलं. चांगला कोट घातला. डावा हात लोंबू नये म्हणून तिने तो कोटाच्या खिशात नीट घालून ठेवला, जसा रुमाल घालतात. पुढच्या बाकावर बसवलं. गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले. आजाऱ्याने बसून राहिलं तरी चालतं, पण माझ्या पायांना आठवडाभर एकच पाठ दिला होता. पाय मागे, कंबर कडेला, नाक पुढे. समोरचा कठडा उजव्या हाताने धरला आणि मी उठलो.

आधी मागच्या बाकांवरचा आवाज गेला, मग पेटी थांबली. गीत वादकांनी सोडलं आणि ते पंचांनी एकट्याने धरलं, दोन सूर वर. "बघा!" ते गाता गाता ओरडले. "बघा, उभे राहिले आपले गुरुजी!" टाळ्या सुरू झाल्या. बायका रडत होत्या. एका बाजूने रिकामा झालेला देह घेऊन मी उभा होतो आणि ती टाळी माझ्या अंगावर पडत होती, जुन्या ओळखीची, थंडीतल्या उन्हासारखी. मी खाली बसायला हवं होतं. मी उजवा हात कठड्यावरून उचलला आणि सगळ्यांना हलवून दाखवला. खिशातला हात कुणाला दिसला नाही.

पंचांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की प्रभूने मला पूर्ण बरं केलं. कुणीतरी मोबाईलवर सगळं घेतलं होतं. दुपारचं जेवण होईपर्यंत ते शेवगावपासून राहुरीपर्यंतच्या मंडळ्यांत पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरून बसलो, पिकअप आली नाही. संध्याकाळी शेजारी स्वतः आला, पेढे घेऊन. "गुरुजी, व्हिडिओ बगितला. लई भारी वाटलं. म्हनलं आता गाडीचं काम न्हाई तुमाला." तो इतका खूश होता की त्याला काय सांगणार? मी पेढा खाल्ला.

मागोमाग पंच आले, यादी तोंडपाठ. अमक्या मंडळीत साक्ष, तमक्या मंडळीत साक्ष. आमच्यात देवाने काही केलं की ते चारचौघांत उभं राहून सांगायचं असतं, त्याला साक्ष म्हणतात. मी म्हणालो, "अजून व्यायाम चालू आहे."

"व्यायाम?" पंच म्हणाले. "गुरुजी, समद्यांच्या देखत उठला तुमी. आता परत तिथं जाऊन दांडी धरून चालायचं, बरं दिसतं का? लोकं काय म्हनतील? देवानं आर्धंच काम केलं?"

नवे आलेले पाळकसाहेब शेजारी बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "देवाचे आभार माना, आणि व्यायामही सोडू नका." हळू बोलणाऱ्याचं कोण ऐकतं. माझ्या तर कानात अजून टाळ्याच होत्या. बायको चहा घेऊन आली होती, ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मग आमचा दौरा सुरू झाला. जीपमध्ये पुढे मी, मागे पंच, बायको आणि पेटीवाला. दर रविवारी नवं गाव. मी नळाशी दात घासताना सुरुवात करायचो. चूळ, चप्पल, बायकोचं हसणं. तांब्या पडतो तिथे मी थांबायचो, आणि सभागृहात कुणाचं पोर रडायचं थांबे. मग कठड्याची गोष्ट, मग टाळ्या. गोष्ट दर वेळी चांगली होत गेली. मी मात्र दर वेळी वाईट होत गेलो.

कारण प्रत्येक गावात व्यासपीठ असतं, व्यासपीठाला पायऱ्या असतात, आणि पायऱ्यांशी चार प्रेमळ माणसं उभी असतात. "या गुरुजी, या," म्हणून ती मला वर घ्यायची. डाव्या बाजूचा माणूस नेहमी डाव्या काखेत हात घालायचा आणि उचलायचा. बायको ओरडायची, "तो हात नका!" पण तोवर पेटी सुरू झालेली असायची. आतून काहीतरी जागचं सरकायचं. आधी दुखायचं नाही. मग दुखायला लागलं, मग त्या कुशीवर वळता येईना, मग त्या हाताला सदरा घालणं हा रोज सकाळचा तमाशा झाला. टाच पुन्हा वर गेली. बोटं वळत होती ती वळलेलीच राहिली. त्यांची मूठ झाली, आणि नखं काढायला बायको ती मूठ एकेक बोट करून उघडायची, शेंगा सोलाव्यात तशी. मॅडमने दिलेला चेंडू पलंगाखाली गेला होता. तो मी शोधला नाही.

काष्टीच्या बाजूला एक मंडळी आहे, पत्र्याचं सभागृह, साधी माणसं. तिथे बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सभा ठेवली होती, त्यामुळे बाजारहाट करून आलेली बरीच मंडळी पिशव्या घेऊनच बसली होती. मी रंगात आलो होतो. कठड्याच्या प्रसंगापर्यंत पोचलो. "आणि मी उठलो," असं म्हणून मी नेहमीसारखा उजवा हात सोडून वर केला, आणि डावा गुडघा पुढे गेलाच नाही, मागे गेला.

मी पेटीवर पडलो. भाता दाबला गेला आणि पेटीने जो सूर काढला तो आजवर कुठल्याही वादकाला काढता आलेला नाही. लांब, जाड, एखादी गाय शेवटची हंबरावी तसा. पुढच्या ओळीतून कुणीतरी हसलं, मग दोघं, मग सगळं सभागृह. मला वाटतं त्यांना ते कीर्तनातलंच वाटलं. मी पेटीवर गाल टेकून पडलो होतो. त्या सकाळी नळाशी बायको हसली होती, तसे ते हसत होते. मी हाक मारली तर पेटीवाल्याने उठवायला माझा डावा हात धरला, आणि मी जे ओरडलो त्यावर हसू थांबलं.

पंचांनी लगेच गीत धरलं, भलत्याच पट्टीत. कुणी साथ दिली नाही. दोन ओळींनंतर ते स्वतःच थांबले.

परतीच्या वाटेला जीपमध्ये पंच म्हणाले, अगदी हळू, "कुठंतरी इश्वास कमी पडला आसंल."

बायको मागच्या सीटवर त्यांच्याच शेजारी होती. "भाऊ," ती म्हणाली, "इश्वास कमी पडला असता, तर दर आयतवारी ह्यांना पँट घालून तुमच्या गाडीत बसवलं नसतं मी. कमी पडला तो व्यायाम."

आमच्या दारात मी उतरलो तेव्हा पंच उतरले नाहीत. पुढे बरेच दिवस आमच्याकडे आले नाहीत.

मी पुन्हा नेवाशाला गेलो. पिकअपवाल्याने काही विचारलं नाही, नुसतं दार उघडून धरलं. जिना या वेळी खुर्चीवरून नाही, स्वतः चढलो, चांगला पाय आधी, वाईट मागून, दर पायरीला थांबत. वर पोचलो तेव्हा मॅडमने मला दारातच पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर ना राग दिसला ना आनंद, ते मला जास्त लागलं. तिने सदरा काढायला लावला. खांद्याच्या हाडाखाली बोट घातलं, तिथे खळगा झाला होता.

"कुणी ओढला?"

"भक्तांनी," मी म्हणालो.

ती हसली नाही. मी समजावून सांगायला लागलो की भक्त म्हणजे काय, व्यासपीठ म्हणजे काय, तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं. "सर, मला हाताला हात लावू द्या. बोलू नका."

सगळं तपासून झाल्यावर ती टॉवेलच्या घड्या घालत बसली. तिच्या घड्या घालून संपेनात. मग म्हणाली, "हाताचं मी आता काही सांगत नाही. दुखणं कमी करू. मूठ अजून घट्ट होणार नाही एवढं बघू."

"चिपळ्या?"

"नाही, सर."

"अजिबात?"

"मी खोटं सांगणार नाही. बाहेर पुष्कळ जण सांगतील." घडी घातलेला टॉवेल तिने पुन्हा उलगडला. "जे यायचं असतं त्यातलं बरंच पहिल्या काही महिन्यांत येतं. नंतर येतच नाही असं नाही. पण येत होतं ते गेलं."

मी खाली बघत होतो. खाली दुकानात कुणीतरी गोण्या उतरवत होतं, धप्प, धप्प. मला तेव्हा एक चांगला विनोद सुचला होता. तो कोणता ते आता आठवत नाही.

"आणि पाय?" मी विचारलं.

"पाय तुमच्या हातात आहे. तुम्हाला किती वेळ उभं राहायचंय?"

"दोन तास."

"बसून नाही चालणार?"

"नाही."

"बरं. मग स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहा. मागे खुर्ची, शेजारी माणूस. मांडीत थरथर सुरू झाली की बसायचं. हट्ट करून उभं राहिलात तर पुन्हा पडाल, आणि या वेळी पेटी नसेल." पेटीचं तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. बहुतेक त्याचाही व्हिडिओ होता.

त्या वर्षीचा नाताळ गेला. आमच्या मंडळीत बाहेरून एक कीर्तनकार बोलावला होता, मी गेलो नाही. घरात ऐकू येत होता. वेळ चुकवायचा बिचारा, टाळी येण्याआधीच पुढे जायचा.

आणि मी ओट्याशी उभा राहायला लागलो. सुरुवातीला गप्प उभा राहायचो. ओट्याला धरून गप्प उभं राहणं म्हणजे शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखं. बायको शेजारी लसूण सोलत असायची, तिला म्हटलं, "मी बोलतो."

"मला सगळं पाठ हाय तुमचं."

"तुझ्यासाठी नाही, पायासाठी."

मी माझ्या पणजोबांचं आख्यान लावलं. हे माझं हक्काचं, घरचं आख्यान. दुष्काळात पणजोबा बायकोला आणि उरलेल्या एका बैलाला घेऊन गाव सोडतात. गोदावरीच्या पलीकडे काम आणि धान्य मिळतं असं ऐकलेलं. चार दिवस चालत चालत नदीपर्यंत येतात, तिथे बैल बसतो. पुढे बैल मरतो, आणि पणजोबा बायकोला पाठीवर घेऊन नदीत शिरतात. खरं कीर्तन त्या नदीत आहे, पाणी छातीपर्यंत येतं तिथे. पलीकडे त्यांना कोण भेटतं आणि ते काय बोलतात यावर श्रोते उठून उभे राहतात.

पहिल्या दिवशी पणजोबांनी घराला कुलूपही लावलं नव्हतं, तोवर माझ्या मांडीत थरथर आली. बायकोने खुर्ची पुढे सरकवली. "बसा." मी बसलो. पुढे काही आठवड्यांनी ते गावाच्या वेशीबाहेर पडले. मग उन्हात चालायला लागले. मधे मला ताप आला आणि ते पुन्हा घरात जाऊन बसले. थंडी संपता संपता ते नदीपाशी आले, पण बैल बसला की माझाही पाय बसायचा. तिथून पुढे काही केल्या जाईना.

अशाच एका संध्याकाळी दारात पंच उभे राहिले. हातात मोसंब्यांची पिशवी. काष्टीनंतर ते पहिल्यांदाच आले होते. वाळले होते. "येऊ का?" म्हणाले, आणि ज्या माणसाचा आवाज मळ्यातून गावात पोचतो त्याचा आवाज चुलीपर्यंत जेमतेम आला.

मी ओट्याला धरून बैलापाशी होतो. ते सवयीने पुढे आले, हात पुढे केला. "धरू का?"

"धरू नका," बायको म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला, दाराशी पोत्यावर बसले. मी बैल बसवला. बैलाचे डोळे, पणजोबांनी त्याच्या तोंडाशी धरलेलं पसाभर पाणी, सगळं केलं, उजव्या हाताने. पंच रडायला लागले, नेहमीसारखे वेळेच्या थोडे आधीच. मग थरथर सुरू झाली आणि मी खुर्चीत बसलो.

पंचांनी तोंड पुसलं. वाट बघितली. "मग? उठला का बैल?" त्यांना हे आख्यान माझ्याइतकंच पाठ आहे.

"न्हाई उठत," बायको म्हणाली. "बैल बसला की हे बी बसत्यात."

"बसून सांगा की पुढचं, गुरुजी," ते म्हणाले. "मी कुनाला सांगत न्हाई."

मला सांगायचं होतं. पुढचं सगळं ओठांवर होतं, नदी, पाणी, पणजीचा ओला पदर. समोर माझा श्रोता होता. खुर्चीतून सांगितलं असतं तरी तो तितकाच रडला असता.

"बसून नाही," मी म्हणालो.

"बरं. उद्याच्याला येतो मग."

"उद्याही बैलच असेल."

"आसू दे," ते म्हणाले, आणि मोसंबी सोलायला बसले.

ते येतात. रोज नाही, पण येतात. काष्टीबद्दल ते बोलत नाहीत आणि मी साक्षीबद्दल बोलत नाही. हात तसाच आहे. थंडीच्या दिवसांत तो दुखतो, एरवी तो घरातल्या एखाद्या न बोलणाऱ्या नातेवाइकासारखा शेजारी असतो. मॅडम म्हणते पाय बरा आहे, पण बरा म्हणजे काय, असं मी विचारलं की ती टाच धरून म्हणते, "टेकवा." मंडळीतून विचारणा होते, यंदा करणार का. बायको त्यांना सांगते, बघू.

गेल्या आठवड्यात बैल मेला. पहिल्यांदाच. पणजोबांनी पणजीला पाठीवर घेतलं, नदीत पाय घातला, दोन पावलं गेले. पंच पोत्यावरून उठून उभे राहिले, बायकोने हातातली सुरी ठेवली. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा माझी मांडी थरथरायला लागली. अजून एखादं वाक्य रेटता आलं असतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी खुर्चीत बसलो. पणजोबा तिथेच, गुडघाभर पाण्यात.